भिंतीवरची रविवर्मांची लक्ष्मी: समज आणि वस्तुस्थिती

वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून हमखास एक तसबीर खाली येते. कमळात उभी लक्ष्मी, शेजारी सोंड उंचावलेला हत्ती. मग घरात कुणीतरी ठामपणे सांगतं, "हे राजा रविवर्मांचं ओरिजिनल आहे, खाली सही बघा." सही असते, पण चित्राबरोबर तीही छापलेली असते. रविवर्मांची मूळ लक्ष्मी तैलरंगातली आहे आणि ती बडोद्याच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. आपल्याकडे असतो तो ओलिओग्राफ, म्हणजे रंगीत शिळाछाप.

हे कळल्यावर "छापीलच ना, मग द्या रद्दीत" असं म्हणणारे भेटतात. हा गैरसमज पहिल्याहून घातक आहे. शिळाछापात चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने चित्र उलटं काढलं जायचं आणि प्रत्येक रंगाला दगड वेगळा. लक्ष्मीच्या चेहऱ्यावरची गुलाबी छटा, पदराचा लाल, पाण्याचा हिरवट निळा असे थर एकाच कागदावर एकामागून एक, जराही न सरकता बसवावे लागत. एका चित्राला डझनभर दगड लागले तरी नवल नव्हतं. छटा उतरवणारे ठिपके कारागीर हाताने देत. म्हणून भिंगातून पाहिलं तर जुन्या छापात ते लहानमोठे, वेडेवाकडे दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठरावीक जाळीसारखे एकसारखे. घरचं चित्र जुनं आहे की अलीकडची नक्कल, हे ओळखायची ही सर्वांत सोपी खूण.

बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्मांना चित्रांच्या छापील प्रती काढण्याचं सुचवलं होतं. १८९४ साली मुंबईत छापखाना निघाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. राजवाड्यातली चित्रं चाळीतल्या खोलीत पोचली ती या दगडांमुळे. माझ्या मते आपल्या घरांच्या सजावटीतली ही सर्वांत मोठी घटना आहे.

मात्र देवादिकांची रंगीत चित्रं पहिल्यांदा रविवर्मांनीच छापली, हे खरं नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा १८७८ सालीच काढली होती. देवांबरोबर पेशवाईतल्या पुरुषांचीही चित्रं तिथे छापली जात.

"रविवर्मा प्रेस" असं छापलंय म्हणजे चित्र त्यांचंच, हेही गृहीत धरू नका. १९०६ साली रविवर्मा वारले, त्याआधीच छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला होता. पुढे तिथून धुरंधरांसारख्या इतर चित्रकारांचीही चित्रं निघाली. आणि जुनं म्हणजे लाखमोलाचं, असंही नाही. किंमत ठरते छाप, कागदाची अवस्था आणि शाबूत कडा यांवर.

कडांबद्दल जरा कळकळीने सांगतो. चित्राचं नाव आणि छापखान्याचं नाव बहुतेक वेळा खालच्या पांढऱ्या पट्टीवर असतं. नवी फ्रेम छोटी पडते म्हणून ती पट्टी कापली की चित्राची ओळखच जाते.

काच लावली की चित्र सुरक्षित, हा समजही अपुरा आहे. साधी काच ऊन अडवत नाही, आणि पावसाळ्यात कागद काचेला टेकलेला असेल तर दमटपणाने चिकटतो. म्हणून मध्ये माउंटची फट हवी. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तसबीर लावू नये. मागच्या जुन्या लाकडी फळीतून आम्ल कागदात उतरतं आणि तो तपकिरी, ठिसूळ होतो. काच पुसताना पाणी फडक्यावर घ्या, काचेवर फवारू नका. ते चौकटीच्या फटीतून आत जातं. चित्र पाहण्यासाठी लावायचं असेल, तर पूर्वीसारखं दारावर छताजवळ नको. त्याचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर असला की ते नजरेसमोर येतं.

फ्रेमवाल्याकडे जाल तेव्हा एवढं बजावून सांगा: कडा कापू नका, कागद फळीला डिंकाने चिकटवू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. लॅमिनेशन एकदा झालं की कागदाला इजा न करता ते काढता येत नाही.