अन्नास नकार देणारे बालक : एक ते तीन वर्षे वयोगटातील भोजनवर्तनाचे आकलन व हाताळणी (विशेष संदर्भ : नाशिक जिल्हा)

सारांश : एक ते तीन वर्षे वयातील बालकाने जेवताना तोंड मिटून घेणे, घास थुंकणे, ताट ढकलणे, पानावरून उठून पळणे हे बहुसंख्य कुटुंबांत आढळणारे वर्तन आहे. या वर्तनामागील विकासात्मक कारणे, सक्तीचे दुष्परिणाम, प्रतिसादशील भरवण्याची पद्धती आणि नकार हे आजाराचे लक्षण केव्हा ठरते, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : भोजनवर्तन, नवअन्नभय, प्रतिसादशील भरवण, कुपोषण.

१. प्रस्तावना

मराठी कुटुंबात उष्टावणाचा संस्कार हौसेने साजरा होतो. मऊ वरणभात, नागलीची पेज, दुधात कुस्करलेली पोळी असा बालकाच्या आहाराचा क्रम सुरू होतो आणि काऊचिऊच्या घासांनी पहिले काही महिने आनंदात जातात. वर्ष उलटले की मात्र ‘बाळ काही खातच नाही’ ही तक्रार सुरू होते. या तक्रारीचा अर्थ सर्व घरांत सारखा नसतो. नाशिक शहरातील सुस्थित घरात ती बहुधा पालकांच्या चिंतेतून उद्भवते, तर पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील पाड्यावर तीच तक्रार कुपोषणाची पूर्वसूचना असू शकते. म्हणून या वर्तनाचे शास्त्रीय आकलन आवश्यक ठरते.

२. नकाराची विकासात्मक कारणे

पहिले कारण वाढीच्या वेगात आहे. जन्मतः सुमारे ३ किलो असलेले वजन पहिल्या वर्षअखेरीस साधारणपणे तिप्पट होते. दुसऱ्या वर्षात मात्र त्यात केवळ २ ते २.५ किलोंची भर पडते. वाढ मंदावली की त्या मानाने भूकही मंदावते. पालकांची अपेक्षा मात्र पहिल्या वर्षाच्या वेगावरच स्थिरावलेली असते.

दुसरे कारण नवअन्नभय हे होय. चालू लागलेले बालक दिसेल ते तोंडात घालू शकते. अशा वयात अपरिचित पदार्थाविषयी साशंकता असणे ही एक प्रकारची नैसर्गिक संरक्षणयोजनाच म्हणावी लागेल. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, एखादा पदार्थ पुनःपुन्हा चाखावयास मिळाल्यास त्याविषयीची आवड वाढते. त्यासाठी आठ ते पंधरा वेळाही चव द्यावी लागू शकते. बहुतेक घरांत मात्र दोन-तीन नकारांनंतरच ‘याला मेथी आवडत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो.

तिसरे कारण स्वत्वाच्या जाणिवेचे आहे. ‘नको’ आणि ‘मी’ हे शब्द याच वयात बालकाच्या भाषेत येतात. तोंड उघडावे की मिटावे, हा निर्णय सर्वस्वी त्याच्या हाती असल्याने जेवणाचे ताट हे त्याच्या स्वातंत्र्याचे पहिले क्षेत्र ठरते.

३. सक्ती, आमिष आणि पडदा

नकारास कुटुंबाकडून मिळणारे प्रतिसाद प्रामुख्याने तीन प्रकारचे असतात : हातपाय धरून भरवणे किंवा बागुलबुवाचे भय दाखवणे, ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ असे आमिष देणे आणि मोबाइल वा दूरदर्शनसमोर बसवून घास सारणे. सक्तीमुळे ठसका लागण्याचा धोका तर असतोच, शिवाय जेवण आणि भीती यांचे साहचर्य बालकाच्या मनात दृढ होते. आमिषामुळे चॉकलेटचे मूल्य वाढते व भाजी ही शिक्षा ठरते. पडद्यासमोर बालक खाते हे खरे, परंतु भूक आणि तृप्ती या आंतरिक संकेतांकडे त्याचे लक्ष राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वी पडद्यासमोर बसवणे शिफारसयोग्य नाही.

४. प्रतिसादशील भरवण

अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी मांडलेले सूत्र येथे उपयुक्त ठरते : काय, केव्हा आणि कोठे द्यावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे, खावे की नाही आणि किती खावे हे बालकाने ठरवावे. या सूत्राचा उत्तरार्ध पूर्वार्धावर अवलंबून आहे. क्लारा डेव्हिस यांनी १९२६ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या अभ्यासात १५ बालकांना स्वतःचे अन्न निवडण्याची मुभा देण्यात आली होती आणि त्यांची वाढ उत्तम झाली. तथापि त्यांच्यासमोर ठेवलेले सर्व पदार्थ साधे व पौष्टिक होते, हे विसरून चालणार नाही. बिस्किटे आणि वेफर्स समोर ठेवून बालकास निवडीचे स्वातंत्र्य देणे म्हणजे या सूत्राचा विपर्यास होय.

भारतीय संदर्भात हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील ६० खेड्यांत केलेला व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग महत्त्वाचा आहे. प्रतिसादशील भरवणे आणि खेळ यांविषयी मातांना घरी जाऊन मार्गदर्शन केल्याने बालकांच्या आहारात आणि मानसिक विकासात सुधारणा आढळली.

व्यवहारात पुढील बाबी पाळता येतात :

(अ) दिवसातून तीन-चार जेवणे व एक-दोन वेळा अल्पाहार ठरावीक वेळी द्यावा. मधल्या वेळेत पाण्याखेरीज काही देऊ नये.
(आ) दूध मर्यादित ठेवावे. दिवसभर दुधाची बाटली घेणाऱ्या बालकास जेवणाची भूक उरत नाही. चहा-बिस्किटांची सवय लावू नये. चहामुळे लोहाचे शोषणही घटते.
(इ) नवा पदार्थ चमचाभर, परिचित पदार्थासोबत वाढावा.
(ई) बालकास कुटुंबाच्या पंगतीत बसवून स्वतःच्या हाताने खाऊ द्यावे. सांडलवंड गृहीत धरावी.
(उ) वीस-तीस मिनिटांनंतर न रागावता ताट उचलावे.

५. नाशिक जिल्ह्यातील विशेष बाबी

द्राक्षांच्या या जिल्ह्यात एक सावधगिरी आवर्जून सांगावयास हवी. अखंड द्राक्ष लहान बालकाच्या श्वासमार्गात अडकून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ते उभे चिरून, चार भाग करूनच द्यावे. शेंगदाणे व फुटाणे अख्खे देऊ नयेत. रडत वा पळत असलेल्या बालकाच्या तोंडात घास कोंबू नये.

दुसरी बाब स्थलांतराची आहे. पेठ, सुरगाणा भागातील अनेक कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत हंगामी मजुरीस येतात. आई बागेत कामावर आणि धाकटे भावंड थोरल्या मुलीच्या कडेवर, अशा स्थितीत वर सांगितलेले वेळापत्रक कोण पाळणार, हा खरा प्रश्न आहे. अंगणवाडीतील गरम ताजा आहार मुख्यतः तीन ते सहा वर्षांच्या बालकांसाठी असतो. तीन वर्षांखालील बालकासाठी शिधा घरी दिला जातो. परिणामी, भरवण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक वयातील बालक अंगणवाडी सेविकेच्या नजरेसमोर जेवत नाही. पाकीट पोहोचते, परंतु घास पोहोचला की नाही हे कळत नाही.

६. नकार हे लक्षण केव्हा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके खुजी, २५.६ टक्के लुकडी, तर सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त होती. लोहाची कमतरता, जंत, वारंवार होणारा अतिसार किंवा ताप यांमुळे भूक मंदावते आणि कमी आहारामुळे आजार बळावतो. अशा बालकास ‘हट्टी’ म्हणणे हा अन्याय होय. वजन न वाढणे वा घटणे, निस्तेजपणा, गिळताना त्रास, एखाद्या पूर्ण अन्नगटाचा सातत्याने त्याग, पायांवर सूज ही लक्षणे दिसताच वैद्यकीय तपासणी करावी. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास बालक तीव्र कुपोषित गणले जाते. त्याची भूक चाचणी घेतली जाते आणि त्यात ते अनुत्तीर्ण झाल्यास त्यास रुग्णालयात दाखल करावे लागते. येथे अन्नास नकार हा वर्तनाचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न असतो.

७. समारोप

सारांश, निरोगी व वाढणाऱ्या बालकाचा नकार संयमाने स्वीकारावा आणि न वाढणाऱ्या बालकाचा नकार तातडीने तपासावा. दोहोंतील भेद ताटावर नव्हे, तर वाढीच्या आलेखावर दिसतो. तो आलेख वाचण्याचे कौशल्य मातांपर्यंत, तसेच आजी आणि थोरल्या भावंडांपर्यंत पोहोचवणे आवश्यक आहे. गृहविज्ञान, मानसशास्त्र व शिक्षणशास्त्र विभागांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत वजन-उंची मापन आणि भरवण्याची प्रात्यक्षिके यांचा समावेश केल्यास महाविद्यालयीन ज्ञानाचा उपयोग पाड्यावरील चुलीपर्यंत होऊ शकेल.