छपराखालचा पारा आणि फेल गेलेली बोअर

मार्च-एप्रिलमध्ये कवठे महांकाळ परिसरातल्या बेदाणा शेडवर बसले, की बोलणे उन्हावर येतेच. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी एका बागायतदाराने मला अडवले. "अण्णा, बागेतलं यंत्र बेचाळीस दाखवतंय, मोबाइल एकोणचाळीस म्हणतोय, आणि पत्र्याखाली टांगलेला थर्मामीटर शेहेचाळीस. एका गावात सात अंशांचा घोळ. मग सगळं जग एका अंशानं तापलं, हे कुणी मोजलं आणि कशानं?"

प्रश्न थट्टेत उडवून देण्यासारखा नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई मिळणार की नाही, हे महसूल मंडळातल्या केंद्राच्या नोंदींवर ठरते. थर्मामीटरवर विश्वास ठेवायचा की नाही, हा इथे पैशाचा प्रश्न आहे.

पहिली गोष्ट अशी, की ती तीन उपकरणे एकच वस्तू मोजत नव्हती. पत्र्याखालचा थर्मामीटर पत्र्याची धग मोजत होता. मोबाइलवरचा आकडा बहुधा गणिताने काढलेला असतो. हवामानशास्त्राला हवे असते ते हवेचे तापमान, सावलीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर. त्यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी वापरतात. ती बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपस्तंभ बांधणारे अभियंता. 'ट्रेझर आयलंड'वाल्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे वडील. आपल्याकडे ही पेटी सर्वत्र येण्यापूर्वी कित्येक वेधशाळांत थर्मामीटर गवती छपराखाली टांगलेले असत. छपरातून पेटीत गेल्यावर आकडा थोडा बदलणारच, आणि तो बदल काही हवामानाचा नव्हे.

यंत्र नवे असले म्हणजे खरे बोलते, असेही नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश नोंदवले. पुढच्याच दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने तर ५६ दाखवले. वृत्तवाहिन्यांची चांदी झाली. हवामान खात्याने तपासले तेव्हा मुंगेशपूरचा सेन्सर सुमारे तीन अंश जास्त दाखवत असल्याचे निघाले, आणि नागपूरचा आकडाही सेन्सरच्या बिघाडाचा ठरला. संशय आला तो शेजाऱ्यांमुळे. आजूबाजूची केंद्रे एक सांगत असताना एकच केंद्र भलतेच सांगू लागले, की ते उघडे पडते.

जागतिक तापमानाचा सगळा हिशेब या शेजारधर्मावर उभा आहे. सांगली आणि महाबळेश्वर यांची तापमाने कधी जुळणार नाहीत. पण एखादा एप्रिल सांगलीला नेहमीपेक्षा दीड अंशाने कडक गेला, तर महाबळेश्वरलाही तो बहुधा नेहमीपेक्षा कडकच जातो. म्हणून शास्त्रज्ञ आकडे मिळवत नाहीत, प्रत्येक केंद्राचा त्याच्या स्वतःच्या सरासरीपासूनचा फरक मिळवतात. कायम दोन अंश जास्त दाखवणारा थर्मामीटरही फरक बरोबर सांगतो. घात करतो तो मधेच स्वभाव बदलणारा: ज्याची जागा हलवली, वेळ बदलली, ज्याच्याभोवती गाव वाढले.

असे बदल शोधून जुन्या नोंदी दुरुस्त करतात. 'आकडे फिरवून तापमानवाढ दाखवली' हा आरोप इथूनच येतो. त्याचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर समुद्रातले आहे. पूर्वी जहाजावरून बादलीने पाणी ओढून त्यात थर्मामीटर बुडवत. बादली कॅनव्हासची असली, की ती आपल्या माठासारखी वागते: पाणी झिरपते, वाऱ्याने उडते आणि आतले पाणी गार होते. दुसऱ्या महायुद्धात रात्री डेकवर दिवा लावणे म्हणजे शत्रूला बोलावणे. तेव्हा इंजिनसाठी आत येणाऱ्या पाण्याचे तापमान मोजण्याकडे कल वाढला. ते पाणी किंचित ऊन. आलेखात समुद्र युद्धकाळात एकदम तापलेला दिसतो, तो बऱ्याच अंशी या अदलाबदलीमुळे. आता दुरुस्ती काय केली? बादल्यांचे जुने गार आकडे वर उचलले. पृथ्वीचा बहुतेक पृष्ठभाग समुद्राचा, त्यामुळे सगळ्या दुरुस्त्यांची बेरीज केली, तर शतकभराची जागतिक वाढ दुरुस्तीपूर्वीपेक्षा कमी भरते. वाढ फुगवायची असती तर बादल्यांना हात लावायचे कारण नव्हते.

उपग्रहांबद्दल थोडक्यात. ते थर्मामीटर नव्हेत. हवेतल्या ऑक्सिजनकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजून ते कित्येक किलोमीटर जाडीच्या थराचे तापमान काढतात. रॉय स्पेन्सर आणि जॉन क्रिस्टी यांच्या सुरुवातीच्या मांडणीत १९७९ नंतर फारशी वाढ दिसत नव्हती. १९९८ मध्ये फ्रँक वेन्ट्झ आणि मॅथियस शाबेल यांनी दाखवले, की उपग्रह हळूहळू खाली उतरतात आणि त्यामुळे खोटा गारवा दिसतो. २००५ मध्ये आणखी एक चूक निघाली: उपग्रहाची निरीक्षणाची वेळ सरकते, तिच्या दुरुस्तीत चिन्हच उलटे लागले होते. दुरुस्तीनंतर उपग्रहही वाढच दाखवू लागले. आकाशातून मोजले म्हणून ते आपोआप अचूक, ही समजूत मीही बरीच वर्षे बाळगून होतो.

माझी आवडती पद्धत मात्र आपल्या पायाखालची आहे. खडकातून उष्णता फार सावकाश सरकते. उन्हाळा-हिवाळ्याचा फरक पंधरा-वीस मीटरवर विरून जातो. शतकभराची वाढ शे-दीडशे मीटरपर्यंत पोहोचते. खाली जावे तसे तापमान एका ठरावीक गतीने वाढत जाते, किलोमीटरला साधारण वीस-पंचवीस अंश. वरची जमीन दीर्घकाळ तापत राहिली असेल, तर ही सरळ रेषा माथ्याजवळ वाकते. त्या वाकण्यावरून मागच्या काळातली वाढ काढता येते. भारतातल्या अशा छिद्रांचा अभ्यास सुकांत रॉय आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दीडशे वर्षांत जवळपास ०.९ अंश वाढ निघाली. पुढे भूविज्ञान मंत्रालयाची बोअरहोल प्रयोगशाळा आपल्या कराडजवळच आली, अर्थात ती कोयनेच्या भूकंपांसाठी. थर्मामीटरच्या नोंदींवरून केंद्र सरकारच्या २०२० च्या अहवालाने १९०१ ते २०१८ या काळासाठी देशाची वाढ सुमारे ०.७ अंश दिली आहे. काळ वेगळे, म्हणून आकडे वेगळे. पण खडकाला ना पेटी, ना बादली, ना सेन्सर. थर्मामीटरचे दोष त्याच्यात नाहीत आणि त्याचे थर्मामीटरात नाहीत; तरीही दोघे एकाच दिशेला बोट दाखवतात.

खडकाचेही दोष आहेत. वर्षावर्षाचा हिशेब तो देत नाही. भूजल वाहत असेल, वरची झाडी तोडली असेल किंवा कोरडवाहू रान बागायत झाले असेल, तर रेषा भलत्याच कारणाने वाकते. पंप बसवलेली बोअर तर पूर्ण निकामी. लागते ती कोरडी, बंद पडून राहिलेली.

हे सांगितल्यावर तो बागायतदार हसायला लागला. "म्हणजे फेल गेलेली! तीन आहेत की माझ्या रानात. दोन बुजवल्या. तिसरी सहाशे फूट, थेंब लागला नाही, तोंडाला झाकण आहे. चालेल?"

"चालेल कदाचित," मी म्हणालो. "पण आधी लिहून ठेव, शेजारच्या पट्टीत द्राक्ष कुठल्या साली लावलं आणि पाणी कधीपासून सोडतोस."

तो शेडच्या खांबावरची जुनी दिनदर्शिका काढायला उठला.