ग्रामपंचायतीचा हिशेब आणि संगणकाची जोडणी

मुंबई-गोवा महामार्गाने वडखळ मागे टाकून नागोठण्याकडे निघाले की पेण तालुक्यातील गडब हे गाव लागते. एकीकडे खारेपाटातील भातशेती, तर शेजारीच डोलवीचा पोलाद कारखाना. अशा गावाच्या गरजा वाढत्या असतात. नळयोजना, गटारे, दिवाबत्ती, शाळेची दुरुस्ती यांवरील खर्चाचा प्रत्येक रुपया ग्रामनिधीतून जातो आणि त्याचा हिशेब ग्रामपंचायतीस द्यावा लागतो. हा हिशेब आता केवळ वहीत राहिलेला नाही. तो संगणकामार्फत थेट बँकेशी जोडला गेला आहे. ही जोडणी कशी चालते हे पंचायत सदस्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

वहीपासून संगणकापर्यंत

ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा. त्यानुसार ठेवावयाच्या नोंदवह्या ‘नमुना’ या नावाने गावोगावी परिचित आहेत. नमुना ५ ही रोकडवही, नमुना ८ ही कर आकारणीची नोंदवही, तर नमुना ९ ही मागणीची. पूर्वी देयक मंजूर झाले की सरपंच व ग्रामसेवक यांच्या संयुक्त सहीने धनादेश निघे आणि त्याची नोंद रोकडवहीत होई.

पुढे पंचायतींच्या जमाखर्चासाठी ‘प्रियासॉफ्ट’ ही संगणक प्रणाली आली. २४ एप्रिल २०२० रोजी, राष्ट्रीय पंचायतराज दिनी, नियोजन व लेखा ही दोन्ही कामे एकत्र आणणारी ‘ई-ग्रामस्वराज’ प्रणाली सुरू झाली. केंद्र शासनाच्या महालेखानियंत्रकांची ‘सार्वजनिक वित्तीय व्यवस्थापन प्रणाली’, म्हणजेच पीएफएमएस, तिच्याशी जोडण्यात आली. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातील देणी याच मार्गाने अदा होऊ लागली.

देयकाचा प्रवास

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गडबसारख्या गावात जलवाहिनीची दुरुस्ती झाली व कंत्राटदाराचे ४८,६०० रुपयांचे देयक आले. काम आराखड्यात आहे, मोजमाप झाले आहे आणि मंजुरीही मिळाली आहे. ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, ई-ग्रामस्वराजमध्ये खर्चाचे प्रमाणक तयार करतात. त्यावर दोन डिजिटल स्वाक्षऱ्या होतात, एक तयार करणाऱ्याची व दुसरी मान्यता देणाऱ्याची. मग तो आदेश पीएफएमएसकडे जातो. तेथून तो बँकेकडे पोचतो व रक्कम कंत्राटदाराच्या खात्यात जमा होते.

येथवरचा प्रवास सर्वांच्या परिचयाचा असतो. परंतु जोडणीचा खरा अर्थ परतीच्या प्रवासात आहे. रक्कम जमा झाली की नाही, याचे उत्तर बँकेकडून त्याच वाटेने परत येते. आदेश पाठविला म्हणजे पैसे दिले, असा समज करून घेणे ही मोठी चूक होय.

समजा, कंत्राटदाराचे खाते बंद झाले आहे, किंवा बँकेच्या विलीनीकरणामुळे शाखेचा संकेतांक बदलला आहे. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, तर आंध्र बँक व कॉर्पोरेशन बँक १ एप्रिल २०२० पासून युनियन बँकेत. अशा खात्यांचे जुने संकेतांक पुढे बदलले. चुकीच्या संकेतांकावर पाठविलेली रक्कम नाकारली जाते. उत्तर कोणी पाहिलेच नाही, तर वहीत खर्च पडलेला, बँकेत शिल्लक तशीच आणि कंत्राटदार मात्र हात हलवीत परत गेलेला, अशी अवस्था होते. याउलट, उत्तर येण्यापूर्वीच घाईने दुसरा आदेश पाठविला तर एकाच कामाचे पैसे दोनदा जाण्याचा धोका असतो.

तीन पथ्ये

यास्तव तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

पहिली गोष्ट ओळखीची. संगणकाला गावाचे नाव पुरत नाही. एकाच नावाची गावे अनेक असतात, म्हणून प्रत्येक पंचायतीस स्वतंत्र सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. तसेच कंत्राटदाराचे नाव, खाते क्रमांक व संकेतांक पासबुकावरून पडताळूनच नोंदवावेत.

दुसरी गोष्ट ताळमेळाची. ई-ग्रामस्वराजमधील शिल्लक, नमुना ५ मधील शिल्लक आणि बँकेचा उतारा हे तिन्ही दरमहा जुळविले पाहिजेत. नाकारलेल्या देयकाची उलट नोंद करून मगच नवा आदेश काढावा. दिवसाची व महिन्याची वही वेळेवर बंद केली तर वर्षअखेरीची धावपळ वाचते.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट स्वाक्षरीची. डिजिटल स्वाक्षरीचे साधन व तिचा सांकेतिक शब्द संगणकचालकाच्या खणात ठेवणे म्हणजे कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ठेवण्यासारखेच आहे. दोन सह्यांची व्यवस्था एकाने दुसऱ्याचे काम तपासावे यासाठी आहे. दोन्ही साधने एकाच हाती गेली की ती तपासणी संपते. सही ज्याची, जबाबदारीही त्याचीच. देयक न वाचता सही केली, हा बचाव लेखापरीक्षणात टिकत नाही.

अनुदान आणि विश्वास

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळातील अनुदानासाठी हिशेब ऑनलाइन उपलब्ध असण्याची अट घातली. ६० टक्के अनुदान स्वच्छता व पिण्याच्या पाण्यासाठी बांधील ठेवले. अर्थात हिशेबातील ढिलाईची झळ शेवटी गावाच्या नळापर्यंत पोचते.

जोडणीमुळे एक लाभ मात्र निश्चित झाला आहे. गावाचा जमाखर्च पाहण्यासाठी आता कार्यालयातील कपाट उघडण्याची वाट पाहावी लागत नाही. शिक्षकांनी व जाणत्या ग्रामस्थांनी ग्रामसभेपूर्वी तो ई-ग्रामस्वराजवर पाहावा आणि सभेत वाचून दाखवावा. यंत्र आकडे अचूक वाहून नेते, पण ते खरे आहेत की नाहीत हे गावानेच पाहावयाचे असते.