डार्क चॉकलेट : दोन तुकडे पुरेत

पनामाच्या किनाऱ्यालगतच्या बेटांवर राहणारे कुना आदिवासी कोकोचं पेय भरपूर पितात. म्हातारपणीही त्यांचा रक्तदाब फारसा वाढत नाही, हे पाहून हार्वर्डचे डॉ. नॉर्मन हॉलेनबर्ग यांनी त्यांचा अभ्यास केला. शहरात स्थायिक झालेल्या कुनांमध्ये मात्र उच्च रक्तदाब आढळला. आहार बदलला, तसं आरोग्यही बदललं.

कोकोच्या बियांमध्ये फ्लॅव्हनॉल ही द्रव्यं असतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार होतं, वाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब किंचित उतरतो. अमेरिकेत 21 हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या ‘कॉसमॉस’ चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये आले. रोज 500 मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताच्या एकूण घटना लक्षणीय घटल्या नाहीत. त्यांमुळे होणारे मृत्यू मात्र 27 टक्के कमी दिसले. अर्थात, तिथे कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या, चॉकलेट नव्हे.

म्हणून वेष्टन नीट वाचा. घटकांच्या यादीत साखर पहिली असेल, तर ते चॉकलेट बाजूला ठेवा. 70 टक्के किंवा जास्त कोको असलेलं निवडा. कोकोवर अल्कलीची प्रक्रिया केली असेल, तर कडवटपणाबरोबर बरीचशी फ्लॅव्हनॉलही जातात. 20 ग्रॅम, म्हणजे दोन-तीन लहान तुकड्यांतही सुमारे 120 कॅलरी असतात. तेव्हा ते जेवणानंतरच्या मिठाईऐवजी खा, मिठाईनंतर नको. आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती चालूच ठेवा.