पिशवी साधी, परीक्षा कठीण : पॅकेजिंगची विद्यार्थी स्पर्धा आणि आपली मासळी

दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, शांपूची पुडी, लोणच्याचं पाऊच या सगळ्यांना पॅकेजिंगच्या धंद्यात एकच नाव आहे, फ्लेक्सिबल पॅकेजिंग. म्हणजे वाकणारं, दुमडणारं वेष्टन. डबा किंवा बाटलीपेक्षा ते हलकं, जागा कमी खाणारं आणि स्वस्त. अशा वेष्टनाच्या नव्या कल्पना कॉलेजच्या मुलांकडून याव्यात म्हणून खास स्पर्धा भरतात. आज त्यांच्याबद्दल लिहितोय, कारण या मुलांना जे प्रश्न सोडवावे लागतात त्यातले बरेच आपल्या जेटीवर आणि बाजारात रोज समोर उभे असतात.

यातली एक ठळक स्पर्धा अमेरिकेत होते. फ्लेक्सिबल पॅकेजिंग असोसिएशन ही तिथल्या पाऊच-पिशव्या बनवणाऱ्या कारखानदारांची संघटना. ती १९५० पासून चालू आहे आणि तिचं कार्यालय मेरीलँड राज्यातल्या अ‍ॅनापोलिस गावात आहे. हे गाव चेसापीक खाडीवर वसलेलं, खेकडे आणि कालवं यांच्यासाठी नावाजलेलं. ही संघटना विद्यार्थ्यांसाठी डिझाइन स्पर्धा घेते. दुसरी स्पर्धा आहे वर्ल्डस्टार स्टुडंट. ती जागतिक पॅकेजिंग संघटना घेते आणि तिच्यात देशोदेशींची मुलं उतरतात. ही संघटना १९६८ साली टोकियोत स्थापन झाली. आपल्याकडे या विषयाचं शिक्षण देणारी मुख्य संस्था म्हणजे भारतीय पॅकेजिंग संस्था. ती १९६६ पासून मुंबईत आहे.

अशा स्पर्धेत नुसतं सुंदर चित्र काढून भागत नाही. माल आत किती दिवस टिकेल, पिशवी मशीनवर भरता येईल का, म्हाताऱ्या माणसाला ती कात्रीशिवाय उघडता येईल का, खर्च किती येईल आणि रिकामी झाल्यावर ती कुठे जाईल, या सगळ्याचं उत्तर द्यावं लागतं. एखाद्या साध्या कल्पनेनं केवढा फरक पडतो बघा. दुकानात फळीवर आपल्या पायावर उभं राहणारं पाऊच आज आपण सगळीकडे बघतो. ते १९६२ साली फ्रान्समध्ये लुई दोयेन या माणसानं काढलं. केलं काय, तर पिशवीच्या तळाला एक घडी घातली. बस्स, एवढंच.

आता हीच परीक्षा मासळीला लावून बघू.

पहिला पेपर : ताजी मासळी

नवशिक्याला वाटतं, हवा पूर्ण बंद केली की मासळी जास्त टिकेल. इथेच मोठा धोका आहे. हवा नसली की वास आणणारे नेहमीचे जंतू दबतात. पण क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूला हवा नसलेली जागाच आवडते. त्याचा मासळीत सापडणारा एक प्रकार ३.३ अंश सेल्सियसच्या वर वाढू शकतो, म्हणजे साध्या घरच्या फ्रीजमध्येसुद्धा. आणि मासळीला वास यायच्या आधीच विष तयार झालेलं असू शकतं. आपण ताजी मासळी नाकानं ओळखतो, इथे नाकच फसतं. म्हणून अमेरिकेत बर्फाखालच्या ताज्या मासळीसाठी मुद्दाम श्वास घेणारी फिल्म सांगितली जाते. तिच्या एक चौरस मीटरमधून २४ तासांत १०,००० घन सेंटीमीटर ऑक्सिजन आत जातो. म्हणजे इथे चांगली पिशवी कोणती, तर हवा आत सोडणारी!

यातली एक गोष्ट घरीही लक्षात ठेवा. व्हॅक्यूम पॅक केलेली गोठवलेली मासळी आणली, तर ती फ्रीजमध्ये सुटी व्हायला ठेवण्याआधी पिशवीला चीर द्या किंवा मासळी बाहेर काढून ठेवा.

दुसरा पेपर : सुकी मासळी

इथे हिशेब उलटा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्याआधी गोव्यात पुरुमेंताची आणि कोकणात आगोटीची खरेदी होते. सुके बांगडे, बोंबील, जवळा, सोडे घरोघरी भरले जातात. त्यानंतर लगेच पाऊस. हवेतलं पाणी सुक्या मासळीत शिरलं की बुरशी आलीच. बांगडा, तारली यांच्यात तेल जास्त, त्यामुळे त्यांना ऑक्सिजन लागला की ती खवट आणि पिवळट होतात. म्हणजे इथे बाहेरची वाफही अडवायला हवी आणि हवाही.

शिवाय काटे. सुक्या माशाचा काटा किंवा कोळंबीच्या डोक्यावरची करवत पातळ पिशवीला टाचणीएवढं भोक पाडते. ते डोळ्यांना दिसतही नाही, पण पंधरा दिवसांत मालाची वाट लावतं. प्रयोगशाळेत पिशवी पास होते आणि घाट चढून बेळगावला जाणाऱ्या टेम्पोत नापास होते, ती अशी.

तिसरा पेपर : तयार आमटी

पाऊचमधली मासळीची आमटी फ्रीजबाहेर महिनोन्‌महिने टिकते, ती रिटॉर्ट पाऊचमुळे. बाहेर पॉलिएस्टर, मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा, आत पॉलिप्रॉपिलीन, असे तीन थर एकमेकांना चिकटवलेले. आमटी भरून, सील करून, दाबाखाली साधारण १२१ अंशांवर शिजवतात. डब्यापेक्षा पाऊच चपटं, म्हणून उष्णता मध्यापर्यंत लवकर पोचते आणि माशाचा लगदा कमी होतो. हे तंत्र अमेरिकेत सैन्याच्या जेवणासाठी वाढलं. मासळीसाठी ते आपल्या देशात बसवण्याचं मोठं काम कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेनं केलं. ही संस्था १९५७ पासून आहे.

आणि सगळ्यात कठीण प्रश्न

आमटी खाऊन झाली. आता ते पाऊच कुठे जाणार? तीन वेगवेगळे थर चिकटवलेले, ते सुटे करणं जवळपास अशक्य. भंगारवाला बाटली घेतो, पण असं पाकीट घेत नाही. मग ते गटारात, गटारातून नदीत, नदीतून समुद्रात. पुढचं आपल्याला कोणी सांगायला नको. रांपण ओढली की मासळीबरोबर काय काय येतं ते आपणच बघतो, आणि ते निवडून बाजूला काढायची मजुरी कोणी देत नाही.

म्हणूनच आज अशा स्पर्धांमध्ये एकाच जातीच्या प्लास्टिकचं वेष्टन हा मोठा विषय आहे. सगळे थर पॉलिइथिलीनचेच, म्हणजे पिशवी एकत्र वितळवून पुन्हा वापरता येईल. पण त्यातही अडचण आहे. नुसतं पॉलिइथिलीन ओल चांगली अडवतं, ऑक्सिजन नाही. म्हणून मध्ये ईव्हीओएच नावाचा अगदी पातळ थर घालतात. तो कोरड्यात उत्तम काम करतो, ओल लागली की ढिला पडतो. म्हणजे पावसाळ्यात आणि मासळीत, नेमकी जिथे गरज तिथेच. आपल्याकडे २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी उत्पादकांवर जबाबदारी टाकली आणि २०२२ मध्ये ती आणखी स्पष्ट केली. पण नियम कागदावर असतो, पिशवी मात्र कोणीतरी बसून डिझाइन करावी लागते.

आपला वाटा

इतकं सगळं सांगण्यामागे मुद्दा एकच. शहरातल्या कॉलेजात बसलेल्या मुलाला फिल्म, सील, मायक्रॉन सगळं माहीत असतं. पण सोड्याचा वाटा ग्राहक हातात घेऊन दाबून बघतो, पिशवीत बंद असला तर घेत नाही, हे त्याला कोण सांगणार? मासळीवालीचे हात ओले असतात, तिला झिप लावायला वेळ नसतो, पिशवी दोन रुपयांनी महाग झाली तर तिचा नफाच जातो, हे पुस्तकात नसतं. चांगलं पॅकेजिंग वापरणाऱ्याच्या हातापासून सुरू होतं, आणि मासळीच्या बाबतीत तो हात आपला आहे.

तेव्हा एखादा विद्यार्थी वही घेऊन जेटीवर आला तर त्याला हाकलू नका. पाच गोष्टी नीट सांगा. मासळी कोणती, किती दिवस टिकायला हवी, कुठे ठेवतात, कोणाच्या हातातून जाते आणि पिशवीला किती पैसे परवडतात. जमल्यास काटा लागून फाटलेली पिशवीच त्याच्या हातात द्या. शंभर शब्दांपेक्षा ती जास्त शिकवेल.

आणि तुमच्याच घरात कोणी मुलगा-मुलगी फूड टेक्नॉलॉजी, पॅकेजिंग किंवा डिझाइन शिकत असेल, तर हा लेख त्यांना वाचून दाखवा. प्रोजेक्टला विषय शोधत लांब जायची गरज नाही म्हणावं. आईच्या पाटीत तो केव्हाचा पडलाय.