सकाळी सहाची गोळी

औषधाची आठवण करून देणाऱ्या ॲपवर मी काम करते. रोज रात्री सव्वाबाराला आमच्या सर्व्हरवर एक काम चालतं : रुग्णाने दिलेली वेळ घ्यायची, समजा सकाळी सहा, आणि तिला आजची तारीख जोडून सूचनेचा क्षण ठरवायचा. पायथनमध्ये ही एकच ओळ. 'डेटटाइम.कंबाइन'ला तारीख द्या, वेळ द्या, झालं.

पण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. इथे 10 तारखेची रात्र सुरू होऊन सव्वाबारा वाजलेले असतात, तेव्हा तिथे 9 तारखेचे संध्याकाळचे पावणेसात. 'डेट.टुडे'ला विचारलं की ते 9 सांगतं. जोडून तयार होतात 9 तारखेचे सकाळचे सहा, म्हणजे कधीच उलटून गेलेली वेळ, आणि सूचना गळते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच एवढाच हा घोळ. ऑफिसात दिवसा टेस्ट केलं तर सगळं चोख दिसतं, म्हणून मी नव्या मुलांना टेस्टमध्ये घड्याळ सव्वाबारावर लावायलाच सांगते.

उपाय सरळ आहे. आधी 'आशिया/कोलकाता' झोनमधला 'आत्ता' विचारायचा, त्यातून तारीख काढायची, मग वेळ जोडताना तोच झोन द्यायचा. पायथन 3.9 पासून त्यासाठी 'झोनइन्फो' आहे. जुन्या कोडमध्ये 'पायटीझेड' असतं. त्याचा झोन थेट 'कंबाइन'ला दिला, तर साडेपाच तासांऐवजी पाच तास त्रेपन्न मिनिटांचा फरक धरला जातो. झोनच्या नोंदींतली सर्वांत जुनी, कलकत्त्याची स्थानिक वेळ, ते उचलतं. सहाची गोळी 5:37 ला वाजते. तेवीस मिनिटांची तफावत दिसली, की मी आधी झोन जोडायला पायटीझेडचं 'लोकलाइझ' वापरलंय का ते बघते.

न्यूयॉर्कचा रुग्ण असेल तर आणखी जपावं लागतं. 8 मार्च 2026 ला तिथे उन्हाळी वेळ सुरू होते आणि रात्री दोनच्या जागी एकदम तीन वाजतात. अडीच वाजतच नाहीत. जावाचं 'झोन्डडेटटाइम' मुकाट्याने साडेतीन करतं. ते चालेल, घड्याळात डोस तासभर पुढे दिसतो इतकंच. 1 नोव्हेंबरला मात्र उन्हाळी वेळ संपते आणि रात्रीचा दीड दोनदा वाजतो. तिथे पहिलाच दीड धरायचा. एक गोळी दोनदा घ्यायला सांगणं मला कदापि मान्य नाही. आणि उद्याची वेळ काढताना आजच्या क्षणात चोवीस तास मिळवायचे नाहीत. तारीख एकने वाढवायची आणि सहा पुन्हा जोडायचे, नाहीतर मार्चच्या त्या रविवारी गोळी सातला वाजेल.