तरुण संशोधकाचीं पहिलीं पांच वर्षें

मुंबईस कांहीं कामानिमित्त गेलेला आपला शेतकरी बहुधा प्रभादेवीस उतरतो, सिद्धिविनायकाचें दर्शन घेतो आणि दादरकडे चालूं लागतो. ह्या स्टेशनास २०१८ सालापर्यंत एलफिन्स्टन रोड असें नांव होतें. आसपासच्या कापडाच्या गिरण्यांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर एकामागून एक थांबले, व त्यांच्या जागीं आतां उंच इमारती उभ्या आहेत. खानदेश-वऱ्हाडाच्या कापसाचें सूत ह्याच भागांत होत असे, ही आठवण जुन्या लोकांस तरी आहे. परंतु प्रभादेवीच्या भोंवतालीं दीड-दोन कोसांच्या टापूंत दुसरेंही एक पीक निघतें, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. रुळांच्या पलीकडे परळास हाफकिन संस्था, टाटा स्मारक रुग्णालय व के. ई. एम. रुग्णालय आहे, उत्तरेस माटुंग्यास रसायन तंत्रज्ञान संस्था आणि कापसावर संशोधन करणारी केंद्रीय संस्था आहे. पीएच.डी. करणारे किंवा ती नुकतीच मिळविलेले पुष्कळ तरुण-तरुणी ह्या टापूंत काम करीत असतात, व त्यांत शेतकऱ्यांच्या घरचेही असतात.

मुलगा पीएच.डी. झाला म्हणजे गांवांत पेढे वांटले जातात, आणि आतां तो 'शास्त्रज्ञ' झाला असें सर्वजण समजतात. वस्तुस्थिति तशी नाहीं. रोपवाटिकेंतून आणलेलें कलम खड्ड्यांत लावलें म्हणजे बाग झाली, असें आपण म्हणत नाहीं. पहिलीं तीन-चार वर्षें त्यास पाणी, आधाराची काठी व गुरांपासून राखण लागते. नव्या संशोधकाचेंही तसेंच आहे. पीएच.डी. करतांना तो दुसऱ्यानें आंखून दिलेल्या एका प्रश्नावर काम करितो. नोकरीस लागल्यावर त्यास स्वतःचा प्रश्न निवडावा लागतो, त्यासाठीं पैसा मागण्याचा अर्ज लिहावा लागतो, वर्गांत शिकवावें लागतें, विद्यार्थ्यांस मार्ग दाखवावा लागतो, हिशेब ठेवावा लागतो, आणि शेतकी विद्यापीठांत असेल तर बांधावर उभें राहून आपल्यासारख्यांच्या प्रश्नांस उत्तर द्यावें लागतें. ह्यांतील बहुतेक गोष्टी त्यास कोणीं रीतसर शिकविलेल्या नसतात. त्या कोण शिकवितो व कशा शिकवितो, ह्यावर त्या माणसाच्या पुढील तीस वर्षांचें काम अवलंबून असतें.

ह्याचें एक उत्तम उदाहरण परळासच घडलें, आणि त्याची सुरुवात पुण्याच्या शेतकी महाविद्यालयांत झाली. डॉ. कमल रणदिवे ह्या माहेरच्या समर्थ. जन्म पुण्याचा, १९१७ चा. वडील दिनकरराव फर्ग्युसन महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकवीत. कमलाबाईंनीं १९३९ सालीं विवाह झाल्यानंतर शिक्षण पुढें चालविलें व १९४३ सालीं शेतकी महाविद्यालयांतून एम.एस्‌सी. केली. विषय होता सीताफळाच्या कुळांतील वनस्पतींच्या पेशी व त्यांतील गुणसूत्रें. सीताफळाच्या झाडापासून कर्करोगापर्यंतची ही वाट त्यांस एकट्यानें सांपडली नसती. मुंबईस आल्यावर टाटा स्मारक रुग्णालयांत त्यांस डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्यासारखे मार्गदर्शक लाभले. त्यांच्या हाताखालीं १९४९ सालीं बाईंस मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. येथेंच पुष्कळ मार्गदर्शक आपलें काम संपलें असें समजतात. खानोलकरांनीं तसें समजलें नाहीं. परदेशीं जाऊन नवी विद्या शिकून यावी, असें त्यांनींच बाईंस सुचविलें. आणि अमेरिकेंत बाल्टिमोर येथें डॉ. जॉर्ज गाय ह्यांच्या प्रयोगशाळेंत, जिवंत पेशी शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत वाढविण्याची विद्या त्या शिकल्या. प्रयोगशाळेंत वाढविलेलीं केळीचीं रोपें लावणाऱ्या आमच्या जळगांवकडील वाचकांस ह्या विद्येची एक शाखा चांगलीच परिचयाची आहे.

पुढचा भाग आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शिकून परत येणाऱ्या माणसास बसण्यास जागा असावी लागते. १९५२ सालीं परळास भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले, आणि परत आलेल्या बाईंस तेथें वरिष्ठ संशोधन अधिकारी म्हणून काम मिळालें. शिकून आणलेल्या विद्येची प्रयोगशाळा त्यांनीं तेथें स्वतः उभारली. जागा नसती तर तीच विद्या परदेशांत राहिली असती, किंवा येथें येऊन गंजली असती. बाईंनीं पुढें तोच क्रम दुसऱ्यांसाठीं चालविला. परदेशांत शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांस, परत या व येथें काम करा, असें त्या आग्रहानें सांगत. १९७३ सालीं अकरा सहकाऱ्यांसह त्यांनीं भारतीय स्त्री शास्त्रज्ञ संघटना काढली. ह्या संघटनेचें मुख्य ठिकाण वाशी येथें असून नोकरी करणाऱ्या स्त्रियांचें वसतिगृह व लहान मुलांसाठीं पाळणाघर ती चालविते. पाळणाघर व शास्त्र ह्यांचा संबंध काय, असें कोणी विचारील. पेशींस दर ठराविक वेळानें अन्न घालावें लागतें. त्या वेळीं घरीं तान्हें मूल रडत असेल तर आईनें कोठें जावें, ह्याचें उत्तर कोणत्याही ग्रंथांत नसतें. शेतकी महाविद्यालयांत मुलींची संख्या वाढत आहे, तेव्हां ही गोष्ट आपल्या विद्यापीठांनींही मनावर घ्यावी. (परळचें तें संशोधन केंद्र १९६६ सालीं टाटा स्मारक केंद्रांत सामील झालें, व २००२ सालीं नवी मुंबईंत खारघर येथें गेलें.)

आतां शेतीकडे वळूं. डॉ. हॅरल्ड मॅन हे १९०७ सालीं पुण्यास आले व शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांचें 'दख्खनच्या एका खेड्यांतील जमीन व श्रम' ह्या अर्थाच्या नांवाचें इंग्रजी पुस्तक १९१७ सालीं निघालें. तें खेडें म्हणजे पुण्याजवळचें पिंपळे सौदागर. आज तेथें शेत शोधूनही सांपडणार नाहीं. १७७१ सालीं त्या गांवीं सरासरी खातें चाळीस एकरांचें होतें, तें १९१५ पर्यंत सात एकरांवर आलें, हें त्या पुस्तकानें आंकडे देऊन दाखविलें. मॅनसाहेबांचें नांव पुष्कळ जण घेतात. परंतु त्या कामांत डी. एल. सहस्रबुद्धे, एन. व्ही. कानिटकर, व्ही. ए. ताम्हणे हे कनिष्ठ सहकारी होते, व त्यांचीं नांवें पुस्तकावर छापलेलीं आहेत. जातेगांव बुद्रुक ह्या कोरडवाहू गांवाचा दुसरा अभ्यास १९२१ सालीं प्रसिद्ध झाला, त्यावर मॅन ह्यांच्याबरोबर एकट्या कानिटकरांचें नांव आहे. हाताखालच्या माणसानें राबावें आणि नांव वरच्याचें लागावें, हा प्रकार त्या काळीं होता व आजही आहे. म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

ह्या वागणुकीचें फळ काय आलें तें पाहा. ताम्हणे ह्यांनीं १९२३ सालीं मांजरीच्या शेतावर लहानशा तुकड्यांत कोरडवाहू शेतीचे पद्धतशीर प्रयोग आरंभिले. कानिटकरांनीं १९२६ सालीं त्याची विस्तृत योजना आंखली. त्या योजनेस १९३३ पासून शेतकी संशोधन परिषदेचा पैसा मिळूं लागला व सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें. १९४४ सालीं कानिटकरांचा भारतांतील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ आला. बांध घालून पाणी मुरविणें, नांगरट किती खोल व किती वर्षांनीं करावी, पाभरींतील अंतर किती ठेवावें, हे जे प्रश्न अवर्षणाच्या मुलखांत आपणांस दर हंगामीं पडतात, त्यांचा शास्त्रीय पाया तेथें घातला गेला. पिंपळ्याचीं खातीं मोजणाऱ्या तरुणांपासून सोलापूरच्या केंद्रापर्यंत सोळा वर्षें लागलीं, आणि त्या ग्रंथापर्यंत सत्तावीस. मधल्या काळांत कोणीं ह्या माणसांस कारकुनी कामास जुंपलें असतें तर सोलापूरचें केंद्र निघालें असतें कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे.

माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेची हकीकत थोडक्यांत सांगतों. १९२१ सालीं मध्यवर्ती कापूस कमिटी स्थापन झाली. १९२३ च्या कायद्यानें कापसाच्या गांठीमागें कांहीं आण्यांची पट्टी बसली. आणि त्या पैशांतून १९२४ सालीं ही प्रयोगशाळा उघडली. पैदासकारानें नवीन वाणाचा थोडासा रुईचा नमुना पाठवावा, येथें त्याचें सूत कातून त्याची प्रत कळवावी, अशी सोय झाल्यामुळें गिरणीवाल्याच्या तोंडाकडे पाहण्याचें कारण उरलें नाहीं. त्याच कमिटीनें होतकरू पदवीधरांस कापूस-संशोधनाचें शिक्षण घेण्यासाठीं विद्यार्थिवेतनेंही दिलीं. म्हणजे तरुण संशोधक तयार करण्याचा खर्च एके काळीं कापसाच्या गांठीवर बसत होता. १९६६ सालीं ती प्रयोगशाळा भारतीय कृषि अनुसंधान परिषदेकडे गेली.

आजची व्यवस्था काय आहे? केंद्राच्या नियमाप्रमाणें पात्रता-परीक्षा उत्तीर्ण झालेल्या संशोधन-विद्यार्थ्यास २०२३ पासून पहिलीं दोन वर्षें दरमहा ३७,००० रुपये व पुढें ४२,००० रुपये मिळतात. हा आंकडा कागदावर चांगला आहे. पैसा वेळेवर येत नाहीं अशी विद्यार्थ्यांची तक्रार मात्र जुनी आहे, आणि उसनवारीनें दिवस काढणारा मुलगा प्रयोगाकडे लक्ष देणार कसें? विद्यापीठांतील नव्या अध्यापकांसाठीं १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर प्रशिक्षण केंद्रें निघालीं. त्यांचें नांव दोनदां बदललें. २०२३ पासून त्यांस मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र म्हणतात. मुंबई विद्यापीठाचें असें केंद्र आहे. तेथें महिनाभराचा प्रवेश-वर्ग असतो. बढतीसाठीं प्रमाणपत्र लागतें म्हणून जाणारे त्यांत पुष्कळ. तरीही नव्या माणसास चार ओळखी होतात, हें कमी नाहीं.

शेतीपुरतें पाहिलें तर हैदराबादेस १९७६ सालीं स्थापन झालेली राष्ट्रीय कृषि संशोधन व्यवस्थापन अकादमी अधिक चांगलें काम करिते. केंद्रीय सेवेंत नव्यानें लागलेल्या शास्त्रज्ञांस तेथें पायाभूत शिक्षण मिळतें, आणि त्याचा एक भाग म्हणून सुमारें तीन आठवडे त्यांस एका खेड्यांत राहावें लागतें. गांवाचा नकाशा काढावयाचा, पीकपद्धति पाहावयाची, लोकांच्या अडचणी त्यांच्याच तोंडून ऐकावयाच्या. ही कल्पना आम्हांस फार पसंत आहे. मॅनसाहेबांचे सहकारी पिंपळ्यास हेंच करीत होते.

परंतु ही सोय मुख्यतः केंद्राच्या शास्त्रज्ञांसाठीं आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली ह्या आपल्या चार विद्यापीठांत लागणाऱ्या तरुणाची स्थिति निराळी. मोठ्या संख्येनें पदें रिकामीं आहेत. पद रिकामें म्हणजे पगार वांचला, असा हिशेब करणाऱ्यांस एक गोष्ट कळत नाहीं. वरिष्ठाचें पद रिकामें राहिलें म्हणजे नव्या माणसाचा शिक्षकच गेला. नवीन वाण तयार होण्यास सामान्यतः आठ ते बारा वर्षें लागतात. पैदासकार निवृत्त झाला आणि त्याच्याजवळ दोन-चार वर्षें राहिलेला तरुण नसला, तर कोणती ओळ कशासाठीं राखली होती हें वहींत लिहिलेलें असूनही कोणास उमगत नाहीं. आपल्याकडे म्हातारा बाप गेल्यावर विहिरीचा झरा कोणत्या बाजूस होता हें मुलास ठाऊक नसतें, तसाच हा प्रकार. जो तरुण लागतो त्याच्याकडे तीन माणसांचें शिकविणें, परीक्षा आणि माहितीचे तक्ते येतात. प्रयोगाचा तुकडा मजुरांच्या भरंवशावर राहतो.

आमचे कांहीं वाचक म्हणतील, आम्हांस भाव पाहिजे, तुमचे निबंध नकोत. भावाचा प्रश्न खराच आहे व ह्या मासिकानें तो सोडलेला नाहीं. परंतु बोंडअळी, हुमणी, डाळिंबावरील तेल्या हीं संकटें भाव पाहून येत नाहींत, आणि त्यांवर उपाय शोधणारा माणूस आज जो तिशींत आहे तोच असणार.

ह्या विद्यापीठांच्या कायद्याप्रमाणें कार्यकारी परिषदेवर शेतकऱ्यांचे प्रतिनिधि असतात. त्यांनीं पुढील बैठकींत तीन प्रश्न विचारावेत. गेल्या पांच वर्षांत नेमलेल्या प्रत्येक संशोधकास मार्गदर्शक म्हणून कोणता वरिष्ठ नेमून दिला आहे? त्यास स्वतःच्या प्रयोगासाठीं पहिल्या वर्षीं किती पैसा दिला? आणि नेमणुकीनंतर तो किती दिवस खेड्यांत राहिला? तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर शून्य आलें, तर जागेची अडचण सांगितली जाईल. ज्या सभासदांच्या वाड्यांत एक खोली व शेतांत दहा गुंठ्यांचा तुकडा एका हंगामापुरता देण्यासारखा असेल, त्यांनीं तसें आपल्या जिल्ह्याच्या प्रतिनिधीस पेरणीपूर्वीं लेखी कळवावें.